सहाशे वाकळांची चाचणी

"माणसं मिळत नसतील तर वाकळा द्या," मी म्हणाले.

कडसूर नगरपालिकेच्या सभागृहात पंखा किरकिरत होता. नगराध्यक्ष बजरंगबापू माने यांनी चहाची बशी तोंडापाशी नेली होती, ती तशीच अधांतरी राहिली.

"वाकळा?"

"हो. अंथरायच्या, पांघरायच्या, घरात असतील तशा. सहाशे."

"मॅडम, तुम्ही स्टेडियम बांधताय का धर्मशाळा?"

सगळे खो खो हसले. त्यात मीसुद्धा हसले, कारण त्या दिवसांत मला कशाचंही हसू यायचं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि आयुष्यातलं पहिलं मोठं काम माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. आमचे टिळेकर सर, म्हणजे मूळ आर्किटेक्ट, पाय मोडून पुण्याला पलंगावर पडले होते. "स्टेडियम तू सांभाळ, आवाजाचं तर सगळं तुझंच आहे," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि मी आनंदाने हॉस्टेलच्या जिन्यात दोन पायऱ्या चुकवून पडले. तेव्हा ऑफिसातल्या दोघांचे पाय एकदम मोडायचे राहिले एवढंच.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

स्टेडियमची कल्पना सरांची, आणि ती मला फारच आवडली होती. कडसूरच्या वेशीबाहेर एक जुनी दगडाची खाण होती, पन्नास फूट खोल आणि वाडग्यासारखी गोल. गाव त्यात कचरा टाकायचं. सर म्हणाले, नवीन काही उभारायचंच कशाला? ही खाणच स्टेडियम. तिच्याच दगडाच्या पायऱ्या केल्या, तिच्याच मातीच्या विटा पाडल्या. पावसाचं पाणी तळाच्या टाकीत उतरवलं. मध्ये कुस्तीचा लाल मातीचा आखाडा. त्यावर लाकडी फळ्या अंथरल्या की कबड्डी, व्हॉलीबॉल, शाळांची गॅदरिंगं. काठावर अकरा जुने कडुलिंब होते, त्यांची सावली फुकट. कपडे बदलायच्या खोल्यांवर सौर पत्रे.

आणि आवाज माझा! पायऱ्यांच्या पोटात बसवलेले शहाण्णव छोटे स्पीकर, प्रत्येक जेवणाच्या डब्याएवढा. प्रत्येकाने आपल्या समोरच्या चाळीस माणसांपुरतं बोलायचं, तेही हळू. सगळं सौर विजेवर. खाणीच्या बाहेर शब्द जायचा नाही.

नेमकं हेच बापूंच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"बाहेर आवाज नाही गेला तर मैदान भरलंय हे लोकांना कळणार कसं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "आवाज कसा पायजे, तीन गावं हलली पायजेत. का ओ सर्जेराव?"

सर्जेराव मंडपवाले कोपऱ्यात बसले होते. तालुक्यातली सगळी लग्नं, निवडणुका आणि कुस्त्या त्यांच्या कर्ण्यांवर चालत. त्यांची योजना साधी होती: काठावर चार मनोरे, प्रत्येकावर वीस कर्णे, खाली डिझेलचा जनरेटर. मनोरे जिथे यायचे तिथे नेमके कडुलिंब होते.

"आमच्या कर्ण्याला वाकळ लागत नाही," सर्जेराव म्हणाले.

मी परत एकदा समजावलं. रिकामी खाण म्हणजे नुसता दगड. बोललेला शब्द भिंतींवर आपटून दोनदा परत येतो, चाचणी नापासच होणार. माणसं बसली की कपडे, अंगं आवाज पितात, मग शब्द स्वच्छ होतो. कुस्तीच नसेल तर नुसतं बोलणं ऐकायला उन्हात माणसं येणार नाहीत, हे बापूंनीच सांगितलं होतं. तर दोन माणसांमागे एक घडी घातलेली वाकळ. हिशेब करून आणलाय.

"बरं," बापू म्हणाले. "रविवारी दहा वाजता. आपले पुकारणारे अण्णा माइकवर धा पैलवानांची नावं वाचतील. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून लिहून घेणार. आन सर्जेराव, तुमी बाहेर रस्त्यावर थांबायचं. आवाज बाहेर येतो का बघायचं. दोन्ही जमलं तर मॅडमचं खरं. न्हाईतर सोमवारी लिंबांना करवत."

सोमवारी करवत! मी मान डोलावली आणि बाहेर येऊन पालिकेच्या नळाखाली तोंड धरलं.

कडसुरात लॉज नव्हता, म्हणून माझी सोय आकाराम अण्णांच्या घरी केली होती. अण्णा म्हणजे चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक मैदानात कुस्त्या पुकारणारा माणूस. तरुणपणी स्वतः पैलवान, आता त्रेसष्टीचे. कर्ण्यांच्या गदारोळात स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ओरडून ओरडून त्यांचा घसा पार गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी दोन मैदानं असंच ओरडलात तर पुढे पाटी-पेन्सिल घेऊन बोलावं लागेल.

त्यांची बायको हौसामावशी. उंच, सावळी, चेष्टेखोर. शनिवारी सकाळी मी चुलीपुढे बसून गरम भाकरीची वाट बघत होते.

"मावशी, अण्णांचं पुकारणं तुम्हाला आवडतं?"

"लई आवडतं," ती म्हणाली आणि नाक दाबून धरून मोठ्याने केलं, "भॉंऽऽ! भॉंऽऽ भॉंऽऽ!"

मी हसून हसून लोळले.

"आगं, खरंच. चाळीस वर्सं ऐकत्येय. हितं परड्यात बसलं की कर्ण्यातनं ऐकू येतंय. यांचा आवाज हाय एवढं कळतं. काय बोलत्यात ते द्येवाला म्हाईत."

"मैदानात गेला नाही कधी?"

"मैदानात बाईमाणूस जातं व्हय?" तिने भाकरी उलटली.

तेव्हा माझं लक्ष खाटेवरच्या वाकळीकडे गेलं. गुलाबी, केशरी, पोपटी, हळदी. असली झगझगीत वाकळ मी जन्मात पाहिली नव्हती.

"फेटं हायत त्ये," मावशी म्हणाली. "मैदान झालं की यांचा सत्कार हुतो. हे फेटा बांधून घरी येत्यात, मी सोडती आन वाकळंला लावती. बत्तीस फेटं हायत त्यात."

"ही द्याल का मला उद्या?"

"बघू." मग तिने विचारलं, "पोरी, त्ये तुझं नवीन यंत्र बसलं म्हंजी हितं परड्यात किती ऐकू यील?"

"काहीच नाही!" मी छाती फुगवून सांगितलं. "एक अक्षरसुद्धा नाही. शांतच शांत!"

मावशी काही बोलली नाही. तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि धुणं घेऊन नदीकडे निघून गेली. मला वाटलं, किती कौतुक वाटलं असेल बाईला. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

रविवारी आठ वाजता मी पालिकेचा ट्रॅक्टर गावात पाठवला, घरोघरच्या वाकळा गोळा करायला. नऊ वाजता ट्रॉली परत आली. रिकामी. एक वाकळ नाही त्यात.

"न्हाई म्हणाल्या बायका," ड्रायव्हरने हात झटकले. "वाकळ दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई म्हणं. आदलाबदल हुती."

मला काठावरच्या लिंबांकडे बघवेना. तळात अण्णा माइकपाशी उभे राहून घशासाठी लवंग चघळत होते, पलीकडे मातीत त्यांचे दोन पैलवान अंग मोकळं करत होते. बापू वरच्या पायरीवर वही-पेन्सिल घेऊन बसले होते आणि सर्जेराव रस्त्याकडे जाताना मला टोपी उडवून सलाम करून गेले.

आणि तेवढ्यात पाणंदीच्या वळणावर रंग दिसायला लागले.

बायका! डोक्यावर वाकळा घेऊन बायका येत होत्या. दहा नाही, वीस नाही. रांग संपतच नव्हती. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या, उसाच्या रानातून थेट आलेल्या पदर खोचलेल्या. रांगेच्या पुढे हौसामावशी, डोक्यावर बत्तीस फेट्यांचा गुलाबी-केशरी डोंगर.

"आणल्या बग वाकळा," ती म्हणाली. "कुटं टाकू?"

"टाका कुठेही! म्हणजे घडी घालून पायरीवर, प्रत्येकी तीन हातांवर..." मला आनंदाने नीट बोलता येईना. "ठेवा आणि तुम्ही जा घरी, बारा वाजता परत न्या!"

"आन जाऊ?" मागची एक म्हणाली. "माझ्या आईचं लुगडं हाय ह्यात. म्या हालणार न्हाई."

"माझ्या वाकळंवर दुसरं कुनी बसलं म्हंजी?"

"म्या तर बसणारच माझ्या वाकळंवर. ह्या मॅडमला काय हुतंय?"

बघता बघता खाण भरली. प्रत्येकीने वाकळ अंथरली आणि फतकल मारून तिच्यावर बसली. माझ्या हिशेबात वाकळ होती, बाई नव्हती! बाई आणि वाकळ मिळून किती आवाज पितात हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर घाईघाईने गुणाकार केला, तो चुकला, परत केला, परत चुकला, आणि मग मी कागद खिशात कोंबला. वर सगळ्याजणी एकाच वेळी बोलत होत्या.

बापू वरून ओरडले, "अण्णा! ह्ये काय? मैदानात बाया?"

अण्णांनी हनुवटी वर करून पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. "मैदानात कुटं हायत? पायऱ्यांवर हायत."

"हौसावैनी, तुमी माझ्या शेजारी?"

"हितनं लांबचं बरं दिसतंय," मावशीचा आवाज आला. बापूंनी वही घेऊन थोडं सरकून घेतलं.

दहा वाजले. मी बटण दाबलं. अण्णांनी माइक हातात घेतला, चार पावलं मागे गेले, छाती भरून घेतली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने गर्जना केली, "आऽऽऽता—"

आवाज मध्येच चिरकला आणि बसला. अण्णा खोकायला लागले. पायऱ्यांवर हशा पिकला. मी धावत गेले.

"अण्णा, ओरडू नका! काही गरज नाही. घरात बोलता तसं बोला."

"घरात मी बोलतच न्हाई," अण्णा माझ्या कानात पुटपुटले.

ते पुटपुटणं शहाण्णव स्पीकरमधून स्वच्छ निघालं. क्षणभर कुणाला कळेना आवाज कुठून आला. बायका आपल्या बुडाखाली बघायला लागल्या. आणि मग वरच्या पायरीवरून ठसक्यात उत्तर आलं, "खरं हाय!"

खाण हसली. अक्षरशः हसली. सहाशे बायका एकदम हसल्या आणि आवाज घुमला नाही, फाटला नाही. मी तिथेच आखाड्याच्या काठावर एक उडी मारली. साडेतीन वर्षांच्या मुलीसारखी, सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअर बाईने, लाल मातीत.

अण्णांनी माइककडे नव्या नजरेने बघितलं. मग तोंडाजवळ धरला आणि हळू, अगदी ओसरीवर बसून बोलावं तसं बोलायला लागले. कागदावरची दहा नावं वाचायची होती, पण हा माणूस नुसती नावं वाचणारा नव्हता. "आता येतोय बेलदरवाडीचा संपत खुडे. डाव्या हाताचा पैलवान. याच्या वस्तादानं याला एकच डाव शिकवला, ढाक. त्याच्यासमोर उभा राहतोय माळ्याचा नामदेव लोखंडे. ह्याची मान बघा आन मग नावाचा अर्थ इचारा..." प्रत्येक नावाला एक गोष्ट. दहा नावं, दहा गोष्टी.

बडबड थांबली होती. उसाच्या रानातून आलेल्या बायका हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

दहावं नाव संपलं आणि वरून मावशीची हाक आली. माइक नाही, काही नाही. तरी ती तळापर्यंत आली.

"अवो! ढाक म्हंजी काय?"

डोळ्यांवर हात धरून अण्णांनी वर बघितलं. गुलाबी-केशरी वाकळ उन्हात झगमगत होती.

"अगं," ते माइकमध्ये म्हणाले, "ढाक म्हणजे... थांब. दाखवतोच."

त्यांनी दोन पैलवानांना मातीत उतरवलं आणि ढाक लावायला सांगितली. एकदा सावकाश, एकदा जोरात. मग एकीने विचारलं, पट काढणं म्हणजे काय. दुसरीने विचारलं, हा पडला का नाही पडला, पाठ टेकली कुठं? दहा मिनिटांत पायऱ्यांचे दोन तट झाले. एक बाजू ठेंगण्या पैलवानाची, दुसरी उंचाची. एक आजी उभी राहून "दाब त्याला, दाब!" म्हणून स्वतःच्या सुनेचा दंड दाबत होती. अण्णा प्रत्येक डाव हळू आवाजात सांगत होते आणि प्रत्येक शब्द कळत होता. मी पायऱ्यांवरून वर-खाली, वर-खाली पळत होते, प्रत्येक स्पीकरपुढे थांबून ऐकत होते, आणि ज्या बाईपुढे थांबेन ती मला ढकलून म्हणत होती, "सरक गं, दिसंना!"

ठेंगण्याने उंचाला चितपट केलं तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली. बाईने वाजवलेली ती शिट्टी अजून माझ्या कानात आहे.

मग मला चाचणी आठवली. मी धापा टाकत बापूंकडे गेले.

"बापू, नावं?"

बापूंनी वहीकडे बघितलं. वहीत दोन नावं होती. त्यापुढे एक पैलवान काढला होता, बराच चांगला. पेन्सिल त्यांच्या हातात नव्हतीच. ठेंगणा पडतोय असं वाटलं तेव्हा त्यांनी ती फेकली होती.

"आयला," बापू म्हणाले. त्यांचा चेहरा हळूहळू नगराध्यक्षाचा झाला. "मॅडम, धा नावातली दोनच. कबूल केलं हुतं तसं बोलायचं तर... कागदावर नापासच म्हणायचं की."

सोमवारी करवत. सरांना काय सांगू? कुस्ती फार रंगली म्हणून नापास झाले?

"कुटली नावं?" मावशी मध्येच म्हणाली. तिने वाकळीवरच्या एका हळदी फेट्यावर बोट ठेवलं. "बेलदरवाडीचा संपत खुडे, ढाक. माळ्याचा नामदेव लोखंडे, मान. आंबोळीचा जोती, त्यो म्हशीचं दूध पीत न्हाई." एका फेट्यावरून दुसऱ्यावर बोट सरकत होतं. चौथं नाव तिच्याबरोबर शेजारणीने घेतलं. सहाव्यापर्यंत अख्खी पायरी म्हणत होती. दहावं नाव सहाशे जणींनी एकदम घेतलं, गावासकट, वस्तादासकट, त्याच्या मोडलेल्या करंगळीसकट.

बापू आ वासून बघत राहिले.

त्याच वेळी खाणीच्या वाटेने सर्जेराव खाली आले. घामाने निथळत होते, टोपी हातात.

"बापू, तासभर झाला उन्हात हुबा हाय," ते वैतागून म्हणाले. "चालू कवा करताय?"

त्यानंतर जे हसू फुटलं त्याला शहाण्णव स्पीकरांची गरज नव्हती. बापू हसता हसता पायरीवर आडवे झाले. काय झालं ते कळल्यावर सर्जेरावसुद्धा डोकं धरून खाली बसले आणि हसले. पुढे माझे शहाण्णव स्पीकर त्यांनीच जपले, हे इथेच सांगून टाकते. लिंब अजून अकराच्या अकरा आहेत.

परत जाताना मावशी पुढे, मी मागे. वाकळ माझ्या डोक्यावर होती आणि मला पाणंद धड दिसत नव्हती.

"मावशी," मी वाकळीखालून विचारलं, "काल तुम्ही एकदम गप्प का झालात?"

तिने वाटेतला एक काटा पायाने बाजूला सारला.

"वाईट वाटलं गं. चाळीस वर्सं निसतं भॉं भॉं का असंना, पर घरी यायचं. मानूस जित्ता हाय, कुटंतरी बोलतंय, एवढं तरी कळायचं. तू म्हणालीस आता तेबी येणार न्हाई." ती वळली आणि माझ्या डोक्यावरची वाकळ नीट केली. "मग नदीवर इचार केला. आवाज भाईर येत नसंल, तर आपुनच आत जावं. धुणं धुता धुता समद्यांस्नी सांगितलं."

मी तिथेच थांबले. किती मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी, एक अक्षरसुद्धा नाही म्हणून. कुणाचं काय तोडतेय हे माझ्या एकाही नकाशात नव्हतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी त्या बाईला वाकळीसकट मिठी मारली. दोघी पाणंदीत पडता पडता वाचलो.

पुढच्या वर्षी उद्घाटनाचं मैदान झालं. चार हजार माणूस. उत्तरेच्या सगळ्या वरच्या पायऱ्यांवर सकाळी सातपासूनच वाकळा पडल्या होत्या आणि त्यांवर त्यांच्या मालकिणी. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "ही आमची जागा. आमी पास केलंय ह्येला."

हलगी थांबली. टिळेकर सर काठी टेकवून माझ्या शेजारी बसले होते. बापूंनी अण्णांच्या हातात पाहुण्यांच्या नावांची लांबलचक यादी दिली. अण्णांनी ती बघितली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. माइक तोंडाजवळ धरला. त्या पिढीतला माणूस, चाळीस वर्षांत चारचौघांत बायकोला "अगं" खेरीज हाक मारली नव्हती त्याने.

"हौसा," चार हजार माणसांच्या पायाखालून हळू आवाज आला, "ऐकू येतंय का?"

सगळ्या माना वरच्या पायऱ्यांकडे वळल्या.

"येतंय की!" वरून उत्तर आलं. "म्होरं बोला!"